उस्तादांची टिक

वलगाव रोडवरच्या मोटर ट्रेनिंग स्कूलच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या पडद्यावर इंग्लंडचा एक ओला रस्ता धावत होता आणि समोर बसलेली नगमा माउस दाबत होती. कडेला उभी गाडी दिसली, दाबला. छत्रीवाली बाई दिसली, दाबला. सायकल, शाळेची पाटी, वळण, कुत्रा घेऊन निघालेला म्हातारा. मिनिटभराची फिल्म संपली आणि तोच निरोप आला: तुम्ही वाट्टेल तसं क्लिक केलंत, या फिल्मचे गुण शून्य.

"पुन्यांदा झीरो?" चहाचे दोन ग्लास घेऊन आलेल्या देवमननं दारातूनच विचारलं.

"पुन्हा झीरो, काका."

"अन् काल?"

"कालही."

देवमन बावीस वर्षं या स्कूलमध्ये होता. आधी गाडी धुवायला, मग गाडी शिकायला, मग शिकवायला. स्कूल नगमाच्या अब्बूंचं, फारुख उस्तादांचं. ते जाऊन चाळीस दिवस झाले होते. काल त्यांचा चेहलुम झाला, चाळिसाव्याची फातिहा. त्यासाठी नगमा इंग्लंडहून आली होती. मिट्टीला, दफनाला, मात्र ती पोचू शकली नव्हती. तिचं विमान मुंबईत उतरेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून ती निघालीच नाही.

ती तिकडे नर्स होती. घरोघर जाऊन रुग्ण पाहायची नवी जागा तिला मिळाली होती. अट एकच, तिथलं लायसन्स. अमरावतीचं लायसन्स तिकडे वर्षभर चालतं आणि ते वर्ष संपत आलं होतं. गाडी तिला उत्तम यायची, अब्बूंनी अठराव्या वर्षीच शिकवली होती. पण तिकडे गाडीच्या परीक्षेआधी एक लेखी परीक्षा असते आणि तिच्या शेवटी या फिल्मा. रस्ता दाखवतात. कुठे धोका होऊ घातलाय ते दिसलं की क्लिक करायचं. जितकं लवकर, तितके गुण. चौदा फिल्मा, पंचाहत्तर गुण, पास व्हायला चव्वेचाळीस. दोनदा नापास झाली होती. आठवड्यानं परत गेल्यावर तिसरी. या वेळी जमलं नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला देणार, असं त्यांनी पत्रात गोड शब्दांत कळवलं होतं.

पहिल्यांदा नापास झाली ती वेगळ्याच कारणानं. फिल्ममध्ये वळणावर मेंढ्यांचा कळप आला आणि हिनं माउसला हातच लावला नाही. मेंढ्या रस्त्यावर असतातच, त्यात दाबायचं काय? माणूस फुटपाथवरून खाली उतरला, तरी नाही. इतवारा बाजारातून शाळेत गेलेली मुलगी ती. त्या रात्री तिनं फोनवर अब्बूंना सांगितलं तेव्हा ते इतके हसले, की त्यांना खोकला आला.

"ड्रायविंग स्कूलवाले की बेटी," ते हसत आणि खोकत म्हणाले, "और गाडी में नहीं, सिनेमा में फेल!"

दुसरी परीक्षा त्यांच्या जाण्यानंतर अठराव्या दिवशी होती. ती दिली नसती तरी चाललं असतं, पण घरात बसून काय करायचं म्हणून ती गेली, आणि त्या दिवशी तिला प्रत्येक गोष्टीत धोका दिसला. तेव्हापासून हे असं.

देवमननं चहा संपवला. "चाल," तो म्हणाला. "यास्मीनबुवाले जर्दा पोचवाचा हाये न अकोल्याले? डबा तयार हाये अम्मीचा. तू बाजूच्या शीटवर बस."

यास्मीन ही नगमाची फुफी, म्हणजे आत्या; देवमन तिला बुवा म्हणे. गुडघ्यांमुळे तिला चेहलुमला येता आलं नव्हतं. तिच्या वाट्याचा जर्दा, केशरी गोड भात, अम्मीनं सकाळीच भरून ठेवला होता. अम्मीनं, बिल्कीसनं, स्वतः बाहेर येऊन डबा मागच्या सीटवर ठेवला, त्याच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या. "सीधा रखना, देवमन भाई. पाक गिर गया तो शीट चिपकेगी."

"आजवर सांडला का, भाभी?"

"आजवर वो थे ना बाजू में," अम्मी म्हणाली आणि आत गेली.

गाडी शिकवणीची मारुती. डावीकडच्या सीटपुढेही एक ब्रेक. ती सीट उस्तादांची. नगमा तिच्यावर बसली तेव्हा समोर डॅशबोर्डवर ती खूण दिसली. करड्या प्लास्टिकवर हरभऱ्याएवढा खळगा, घासून गुळगुळीत झालेला. अब्बूंच्या बोटात फिरोजाच्या निळ्या खड्याची चांदीची अंगठी असायची. शिकाऊ पोरगा गाडी चालवत असताना ते ओरडत नसत, हात धरत नसत. पुढं काही होणार असं दिसलं की अंगठी त्या जागी वाजवायचे. टिक. एकदाच. काय दिसलं ते सांगायचं नाही. पोरानं शोधायचं. संध्याकाळी ऑफिसात बसवून विचारायचे, "सात वेळा वाजवली. कोणती कायची होती, सांग." सांगता नाही आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता.

मधल्या काही वर्षांत पोरं पुष्कळ यायची. कापसाला भाव नव्हता, आणि खेड्याखेड्यातून बापच पोराला मोटारसायकलवर मागं बसवून आणायचे. "वावरात काई राह्यलं नाई, उस्ताद, याच्या हातात स्टेरिंग द्या." उस्ताद त्या पोरांना पहिल्या दिवशी गाडी देतच नसत. मागच्या सीटवर बसवून नुसती टिक ऐकायला लावत.

"आज तू वाजव," बडनेऱ्याचा फाटा मागं पडल्यावर देवमन म्हणाला. त्यानं शर्टाच्या खिशातून अंगठी काढून तिच्यापुढे धरली. "भाभीनं देल्ली मले. तुह्या बोटात सैल होईन. आंगठ्यात घाल."

अंगठ्यात बसली. थंड होती.

पहिली टिक पानटपरीजवळच्या माणसासाठी. दुसरी उभ्या ट्रकसाठी. मग बैल, मग एसटीचा थांबा, मग पूल. मग नुसतंच वळण. कुरूम येईपर्यंत देवमननं मोजणं सोडून दिलं होतं. त्यानं गाडी कडूनिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं.

"तो टपरीवरचा मानूस. कायची होती ती?"

"तो उभा होता."

"उभा होता न. मंग?"

"आडवा आला असता."

"आला का?"

"नाही."

"आन् ते वळन?"

"वळणापलीकडे काहीतरी असेल, असं वाटलं."

देवमन थोडा वेळ स्टिअरिंगवरची धूळ बोटानं पुसत राहिला. "बेटी, तू पाहून नाई राह्यली. तू भिऊन राह्यली. मानूस भेते तवा त्याले सारंच दिसते, अन् म्हनून काईच दिसत नाई. उस्ताद असते तं तुले तीन दिवस मांगच बसवलं असतं."

एक ट्रॅक्टर कापूस घेऊन गेला, मागं पांढरे पुंजके उडत राहिले.

"काका, ते फोनवर खोकत होते," ती म्हणाली. "हसता हसता. मी विचारलं, खोकला कधीपासून? म्हणाले, धूळ आहे. मी म्हटलं, बरं. रात्री दोन उशा घेऊन झोपावं लागतं, असंही म्हणाले होते. मी नर्स आहे. आडवं झालं की खोकला येतो, तो छातीचा नसतो, हृदयाचा असतो. रोज दुसऱ्यांना सांगते मी हे. एवढं समोर होतं, आणि मी मेंढ्यांची गोष्ट सांगत बसले."

देवमननं आपल्या बाजूची काच खाली घेतली.

"मी रोज या गाडीत होतो," मग तो म्हणाला. "मांगच्या शीटवर. खोकलले का काच वरती करत जाओ मी. धूळ येते म्हनून. आपल्या दोघायचीबी चुकली ते. आता साऱ्या दुनियेवर वाजवून ते परत येत नाई."

त्यानं गाडी सुरू केली. मूर्तिजापूरपर्यंत अंगठी वाजली नाही. नगमा नुसती बघत होती. माणसं उभी होती आणि उभीच राहत होती. बैल चरत होते आणि चरतच राहत होते. बऱ्याच दिवसांनी तिला रस्ता नुसता रस्त्यासारखा दिसत होता, आणि आपल्या खांद्यांना किती वेळ रग लागली होती ते तिला आत्ता कळत होतं.

मूर्तिजापूर सोडल्यावर कापूस संकलन केंद्राची रांग लागली. बैलगाड्या डांबराच्या कडेनं अर्धा मैलभर उभ्या. मोजणी आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा, म्हणून लोक बिऱ्हाडासकट आलेले. गाड्यांखाली गोधड्या, तीन दगडांच्या चुली, जुवाला टांगलेले डबे. बैल सोडून बांधलेले. देवमननं वेग कमी केला, तरी चाळीसच्या आसपास होता. समोर एसटी नव्हती, मागं कुणी नव्हतं. रांगेतलं कुणी हलत नव्हतं.

एका गाडीवर, कापसाच्या ढिगावर, एक माणूस दोर आवळत उकिडवा बसला होता. त्याच्या पायातली चप्पल सुटली, कापसावरून घसरली आणि रस्त्यावर पडली.

टिक.

देवमनचा पाय ब्रेकवर गेला. का, ते त्याला माहीत नव्हतं. बावीस वर्षं टिक ऐकून तो पाय आपोआप जायचा. नगमाचाही गेला. त्याच क्षणी बैलगाडीच्या आडून, चुलीजवळून, एक बाई पदर खोचत चप्पल उचलायला सरळ रस्त्यात उतरली. मारुती तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

बाईनं आधी गाडीकडे बघितलं, मग चपलेकडे. मग चप्पल उचलून वर भिरकावली. "घे, राजा. तुह्या जोड्यापायी गेली असती मी आज."

"तुले कोन सांगतलं वं उतराले?" वरून आवाज आला.

"दुसऱ्या कोनाच्या बायकोनं उचलली असती का तुही चप्पल?"

रांगेत चारदोन माणसं हसली. बाईनं नगमाच्या काचेशी येऊन हात जोडल्यासारखं केलं आणि परत चुलीजवळ बसली.

थोडं पुढं गेल्यावर देवमननं विचारलं, "कायची होती?"

"चप्पल पडली," नगमा म्हणाली. "पडली म्हणजे कुणीतरी घ्यायला येणार. कोण ते माहीत नव्हतं."

"मले चप्पल दिसलीच नाई," देवमन म्हणाला. मग डोळे पुसायला त्यानं उगीच आरसा नीट केला.

डबा अर्थातच कलंडला होता. यास्मीनफुफीच्या दारात मागचं दार उघडलं तेव्हा उशा केशरी झालेल्या, आणि मुंग्यांनी बोरगाव मंजूपासूनच रांग लावलेली.

"फारुख की गाडी में कभी चावल का दाना नहीं गिरा," फुफी काठी टेकत म्हणाली.

"बुवा, आज गिरा तो अच्छाही हुआ," देवमन म्हणाला आणि तिला सगळी हकिगत त्यानं त्याच्या हिंदीत सांगितली, चपलेसकट. फुफीनं राहिलेला जर्दा तीन बशांत काढला. खाताना तिनं नगमाच्या अंगठ्यातली अंगठी बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं, आणि आणखी एक डाव वाढला.

निघायच्या दिवशी नगमानं अंगठी देवमनला परत दिली. "तिकडे माउसवर वाजत नाही," ती म्हणाली. "इथं पोरं आहेत."

तिसऱ्या परीक्षेचा निकाल तिथल्या तिथेच हातात देतात. तिनं बाहेर रस्त्यावर येऊन आधी अम्मीला आणि मग स्कूलच्या ऑफिसात फोन लावला.

"एक्कावन्न, काका."

"पास?"

"पास. एका फिल्ममध्ये शून्य."

"लय वाजवलं का?"

"नाही, वाजवलंच नाही. रस्त्यावर एक बाई घोड्यावर बसून चालली होती."

"मंग?"

"तो धोका होता म्हणे."

"घोडा?" देवमन म्हणाला. "चालता घोडा? त्या परीक्षावाल्यायले परतवाड्याच्या बाजाराच्या दिवशी घेऊन ये एकडाव." आणि तो हसायला लागला. मनसोक्त हसला, पोट धरून हसला असावा, आणि हसता हसता त्याला खोकला आला.

नगमा हसायची थांबली. फोन कानाला तसाच धरून तिनं नखानं त्याच्या पाठीवर वाजवलं. एकदाच.

पलीकडचं हसणं थांबलं.

"धूळ हाये वं," देवमन म्हणाला.

संध्याकाळी ऑफिसात पोराच्या उत्तरासाठी अब्बू थांबायचे, तशी नगमा थांबली.

"दिवाळीपासून हाये," तो शेवटी म्हणाला. "निजलो का वाढत नाई. सकाळी असते जरासा."

"दवाखाना कधी उघडतो?"

"पाच वाजता."

"आता किती वाजले?"

"साडेचार," देवमन म्हणाला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, किल्ल्यांचा आवाज आला, आणि तो कुणाला तरी म्हणाला, "ऑफिस पाहाजो रे. मी जाऊन येतो."