जागेचा रकाना

द्वारका पेढे घेऊन सावरवाडीत आली ती १९४४ सालच्या कार्तिकात. खालापूरच्या वकिलांची ही मुलगी बी.ए. झाली, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून मुंबईला समाजसेवेचं दोन वर्षांचं पुढचं शिक्षण घ्यायला गेली, आणि आता पहिल्या वर्गात पास होऊन आली होती. वर पोशीर नदीच्या बाजूच्या या वाड्यांसाठीच तिची नेमणूकही झाली होती. पोरीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

ती आधी वाडीतल्या वडीलधाऱ्या भागूबाईकडे गेली. मागच्या माघात द्वारका शिक्षणाचा भाग म्हणून सर्वेक्षणाला आली, तेव्हा पंधरा दिवस तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. "आधी विश्वास मिळवा, मग वही उघडा," असं तिचे प्राध्यापक सांगत. मग तिनं भागूबाईच्या नातवाची खरूज धुतली, बायकांबरोबर नदीवर गेली, भाकऱ्या करपवून सगळ्यांना हसवलं. भागूबाईनं तिला घरातली म्हटलं, तशी सगळी वाडी तिची झाली. दिवस लढाईचे होते. सरकार लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, भात उचलून नेई, म्हणून लोकांनी निदान बियाणं तरी लपवलं होतं. पेंढ्यात घट्ट बांधलेल्या भाताच्या मुड्या कुणी अंगणातल्या गवताच्या उडवीच्या पोटात खुपसल्या होत्या, कुणी गोठ्याच्या माळ्यावर टाकल्या होत्या. नवऱ्याच्या भावालाही दाखवली नसती अशी जागा बायकांनी द्वारकेला हात धरून दाखवली.

"या बाई, या!" भागूबाईनं पेढा कपाळाला लावला. पण घर उतरलेलं दिसत होतं. धान्याची कणगी पडवीत रिकामी, आडवी पडली होती.

"औंदा निम्मी शेतं पडीक ऱ्हायली, बाई. वैशाखात लेव्हीवालं आलं. इचारलं नाय, पुसलं नाय, सरळ माज्या उडवीत हात घातला. येसाजीच्या गोठ्यावर चढलं. समदं बियानं नेलं."

"सरळ?"

"मंग! घरभेदी व्हता ना, त्यो धाकलू. आदल्याच हप्त्यात कचेरीत गेलता, म्हनं जमिनीच्या कागदाला. वर तोंड करून काय काय बोलला, ते तुमाला सांगत नाय. वाळीत टाकला त्याला. भादव्यात त्याची बायकू चिमा तापानं गेली, तवाबी खांदा द्यायला कोन गेलं नाय. गाडीत घालून नेली त्यानं, एकल्यानं."

हे सांगताना भागूबाईचा आवाज जराही हलला नाही. द्वारकेला मात्र सर्वेक्षणाचा आपला अहवाल आठवला.

अहवालात एक रकाना तिनं स्वतःच्या डोक्यानं घातला होता: साठा ठेवण्याची जागा. प्राध्यापकांनी त्याच्यापुढे लाल शाईनं 'उत्तम निरीक्षण' असं लिहिलं होतं. नावं द्यायची नाहीत, हे वर्गात दहादा बजावलेलं. पण नावांशिवाय तक्ता भुंडा दिसतो म्हणून हिनं शेवटी यादी जोडली. आणि सर्वेक्षणाला परवानगी देणाऱ्या, लेव्हीच्याच कचेरीतल्या साहेबांना आभार म्हणून एक प्रत चैत्राच्या शेवटी स्वतः नेऊन दिली, वर त्यांचा चहाही पिऊन आली. शिकलेल्या माणसाच्या चुकासुद्धा कशा नीटनेटक्या असतात बघा. पुढं काय होईल हे तिला खरंच सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं.

आता सांगितलं तर नोकरी जाणार, वडिलांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हा विचार आधी मनात आला, याचीच तिला शरम वाटली. तिनं भागूबाईला सगळ्यांना बोलवायला लावलं.

दुपारी देवळापुढं माणसं जमली. द्वारकेनं पिशवीतून अहवालाची आपली प्रत काढली आणि वाचली. "भागूबाई, उडवीत, दोन मुड्या. येसाजी, गोठ्याचा माळा, तीन मुड्या." मग ती म्हणाली, "हे मी लिहिलं, मीच नेऊन दिलं. धाकलूंचा यात काही संबंध नाही."

मग येसाजीनं डोळे पुसले.

"बाई, तुमचं मन लई मोठं. त्या चांडाळापायी सोताच्या अंगावर घेताव!"

"अहो, हा कागद बघा ना!"

"कागद काय, आजबी लिवता येतो. जागा तर तुमाला आमीच दावल्या."

द्वारका रडू लागली. ती जितकी रडली, तितकी लोकांची खात्री पटत गेली. भागूबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. "नका रडू. रदबदलीला आलता ना त्यो धाकलू तुमच्याकडं?"

"आता बाईला पुढं घालतो काय!" येसाजी उठून उभा राहिला. "त्याला उद्यापासून हिरीचं पानी बंद."

सगळ्यांनी माना डोलावल्या. द्वारका ओरडून नाही म्हणत होती, आणि बायका तिला धरून, थोपटून घरी नेत होत्या.

उन्हं उतरल्यावर ती धाकलूच्या दारात गेली. वाडीच्या कडेला त्याचं खोपट होतं. तो उंबऱ्यात बसला होता.

"मी त्यांना खरं सांगितलं," ती म्हणाली.

"ऐकलं मी हितनं." त्यानं तिच्याकडं रागानं पाहिलंसुद्धा नाही. "मला ठावं व्हतं, बाई. त्या दिशी मी कचेरीतच व्हतो. तुमी सायबाला कागुद देताना बगितलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो की. लेव्हीवालं गेलं, त्याच दिशी देवळापुढं सांगितलं. बियान्याचं लोकं इसरलीबी असती. तुमचं नाव घेतलं म्हून मला वाळीत टाकला."

एवढं बोलून तो उठला. घागर उचलून नदीच्या वाटेला लागला.