दस्तीखालची वकिली

मला वकील होऊन दीड वर्ष झालं तेव्हा आमच्या अप्पांनी माझ्यासाठी गादी आणली.

अप्पा म्हणजे माझे वडील, महांतप्पा. कळंबच्या बाजारात आमचं अडतीचं दुकान आहे. शेतकऱ्याचा माल उतरवायचा, लिलावात विकून द्यायचा, हे काम अप्पा चाळीस वर्षं एकाच गादीवर बसून करत आलेत. त्यांनी त्या गादीला खेटून दुसरी टाकली, तक्क्यासकट, पण तिचं प्लास्टिक काढलं नाही. म्हणाले, वकिलीतला कोणता बी एक रस्ता धर. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत न्हाय धरलास तर वहीपूजन झाल्यावर हे प्लास्टिक म्या माझ्या हातानं काढणार.

ही रीतसर नोटीस होती. मुदत चार महिने. मला सोयाबीनच्या धुळीची शिंक येते, हा माझा एकमेव बचाव होता आणि तो त्यांनी माझ्या बालपणीच फेटाळला होता.

तेव्हा मी अंबादास वकिलांचा ज्युनिअर होतो. अंबादास वकील मूळचे तुळजापूरचे, घराणं पुजाऱ्यांचं. त्यामुळे पक्षकाराला धीर देणं त्यांच्या रक्तात होतं आणि निकालाचं ते देवीवर सोडत. माझं काम होतं न्यायाधीशांसमोर उभं राहून ‘पुढील तारीख मिळावी’ असं म्हणणं. दीड वर्षात मी कोर्टात हे एकच वाक्य बोललो, पण स्वच्छ बोललो. एकदा समोरचा वकील आजारी होता म्हणून त्याच्या वतीनंही मीच ते म्हणालो. त्या दिवशी दोन्ही बाजूंना माझं काम आवडलं.

अप्पांना ह्यात रस्ता दिसेना. मग मी न्यायाधीश व्हायचं ठरवलं. चौकशी केली तर परीक्षेला बसायला आता तीन वर्षांची वकिली लागते. ठीक आहे म्हटलं, नोटरी होऊ. कोर्टाच्या आवारात निंबाखाली टेबल टाकायचं आणि शिक्के मारायचे. नोटरीला दहा वर्षं लागतात असं कळलं.

अप्पांनी हे आकडे शांतपणे ऐकून घेतले. “न्याय द्यायला तीन,” ते म्हणाले, “आन् शिक्का मारायला धा. आपला हमाल पोत्यावर पहिल्या दिवशी मारतो.”

ह्यावर कायद्यात उत्तर नाही. मी पाहिलं.

मग पुणं. माझ्या वर्गातली इरा तिथं एका मोठ्या फर्ममध्ये आहे. मोबाईलवर कुठलंही अ‍ॅप घेताना आपण न वाचता जे मान्य करतो, ते इरा वाचते. ते वाचणारी ती देशातली बहुधा एकटीच असावी, आणि पगार त्याच एकटेपणाचा. तिनं शब्द टाकला आणि फर्मनं मला चाचणीसाठी चौऱ्याऐंशी पानांचा करार पाठवला. मी दुकानात गादीशेजारी बसून तो अक्षर न् अक्षर वाचला. एकसष्टाव्या पानावर मधोमध एकच ओळ होती: ‘हे पान हेतुतः कोरे ठेवले आहे.’ मी शेरा लिहिला की सदर विधान खोटं असून पानावर सहा शब्द आहेत. फर्मकडून पुन्हा फोन आला नाही. इराचा आला. तिनं माझी तब्येत विचारली आणि ठेवून दिला.

असा सप्टेंबर उजाडला. तालुक्याच्या कोर्टात लोकअदालत होती. तिथं जुने दावे तडजोडीनं मिटवतात आणि पक्षकारांना समजावायला माणसं कमी पडतात. अंबादास वकिलांनी त्यांच्या कपाटातला सर्वांत जुना दावा काढून माझ्या हातात ठेवला. हा मिटवलास तर मध्यस्थ म्हणून तुझं नाव होईल, म्हणाले. ते ऐकून अप्पा पहिल्यांदाच काहीसे हलले. मिटवलास तर पाडव्याला प्लास्टिक राहू देतो, असं बोलून बसले.

दावा अकरा वर्षांचा होता. कल्याणप्पा आणि उत्तरेश्वर, बांधाला बांध, दोघांत एक विहीर. दिवसा आठ तास लाईट येते. त्यातले मोटारीचे किती तास कुणी घ्यायचे, एवढाच वाद. मी अख्खी फाईल वाचली. अकरा वर्षांत दोघांपैकी एकानंही आकडा लिहिला नव्हता. सगळीकडे ‘योग्य तो वाटा’. कारण जो आधी आकडा बोलेल तो नमला, आणि नमलेला माणूस गावात पारावर बसू शकत नाही. त्या अकरा वर्षांत विहीर दोनदा आटली, तेव्हाही दावा चालूच होता.

लोकअदालतीच्या टेबलामागं निवृत्त न्यायाधीश प्रमोदिनी मॅडम होत्या. शेजारी त्यांचं पॅनेल. समोर हे दोघं, एकमेकांकडं खांदा करून. मी सुरुवात केली. पाणी हे जीवन आहे, शेजार हे नातं आहे, अशा दिशेनं बोलत गेलो. दुसऱ्या मिनिटाला कल्याणप्पांनी तंबाखूची डबी काढली. मग मी सरळ विचारलं, किती तास पाहिजेत.

“त्येलाच इचारा,” कल्याणप्पा म्हणाले.

“म्या का सांगू?” उत्तरेश्वर म्हणाले. “त्येंनी सांगू द्या की आधी. मोठे हायेत.”

“तुज्यापेक्षा एकच वर्सानं.”

हे पाऊण तास चाललं. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि माझ्या तोंडाशी ते माझं जुनं वाक्य यायला लागलं. पुढील तारीख.

अप्पा दाराशी उभे होते. निमित्त डब्याचं होतं, पण अव्वानं, म्हणजे आईनं, मला सकाळीच डबा दिलेला होता. ते पुढं आले, माझा खांदा जरा बाजूला सारला आणि खांद्यावरची दस्ती काढली.

ह्या दस्तीबद्दल सांगायला हवं. पूर्वी बाजारात भाव उघड बोलत नसत. अडत्या आणि खरेदीदार एका फडक्याखाली हात घालत आणि बोटं धरून सौदा करत. एक बोट एक, दोन बोटं दोन, अख्खा पंजा पाच, पेरावर दाबलं तर अर्धा. त्याला हत्ता म्हणत. शेजारी उभ्या माणसाला फक्त फडकं हललेलं दिसे. पुढं उघड लिलाव आला, हत्ता बंद झाला आणि अप्पांची दस्ती बेकार झाली. तरी ती रोज खांद्यावर असायची. घाम पुसायला ते दुसरी वापरत.

अप्पांनी कल्याणप्पांचा उजवा हात धरला, वर दस्ती टाकली. मग उत्तरेश्वरांचा. मग पुन्हा इकडं. दोघंही जुने शेतकरी, हात आपोआप पुढं येत होते. दस्तीखाली मांजर झोपेत कूस बदलतंय असं वाटत होतं. एकदा कल्याणप्पांनी हात ओढून घेतला. अप्पांनी न रागावता पुन्हा मागितला. सहाव्या मिनिटाला अप्पांनी दस्ती झटकून खांद्यावर टाकली आणि म्हणाले, “झालं.”

मॅडमनी विचारलं, काय झालं.

अप्पा म्हणाले, ते सांगता येणार न्हाय. हत्त्याचा आकडा अडत्यानं चारचौघांत बोलला तर त्याच्याकडं परत कुणी माल आणत न्हाय.

मॅडमनी समजावलं की तडजोडनाम्यात तास लिहावे लागतील, त्याशिवाय हुकूम होत नाही. दोघं पक्षकार म्हणाले, लिहा, पर मोठ्यानं वाचायचं न्हाय. अंबादास वकील हळूच म्हणाले की तीस वर्षांत त्यांनी असं काही पाहिलेलं नाही. मॅडम थोडा वेळ फाईलकडं पाहत राहिल्या, अकरा वर्षांच्या जाडीकडं. मग त्यांनी उजव्या हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि हात पुढं केला.

अप्पांनी अदबीनं दस्ती टाकली.

तडजोडनामा मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिला. दोघांनी एकेक करून मनात वाचला, सह्या केल्या. जाताना दोघांचीही मान ताठ होती. गावात दोघंही सांगतात की आपण जिंकलो. खरं काय ते चौघांना ठाऊक आहे, आणि त्यात मी नाही.

दुपारपर्यंत अप्पांनी आणखी पाच दावे मिटवले. बांध, वाट, एका म्हशीचा ताबा. लोक रांगेत उभे राहून बाह्या वर करत होते.

मी सगळ्यांना सांगितलं की माझा रस्ता ठरला, मी मध्यस्थ होणार. अंबादास वकील म्हणाले, छान, त्याला पंधरा वर्षांची वकिली लागते. अप्पांना मात्र काही लागलं नाही. लोकअदालतीच्या पॅनेलवर एक खुर्ची समाजसेवकाची असते. प्रमोदिनी मॅडमनी त्यांचं नाव सुचवलं. शिक्षण सातवी पास. ओळखपत्र आलं, गळ्यात घालायची निळी दोरी आली. आता पार भूम तालुक्यापासूनची माणसं त्यांना शोधत येतात, आणि अप्पा त्यांना तारीख देतात.

प्लास्टिकचं मी त्यांना विचारलं. दावा मिटलाय तर ते राहू द्यायला हवं होतं. अप्पा म्हणाले, मिटवला कुणी?

पाडव्याला वहीपूजन झालं. प्लास्टिक अप्पा स्वतः काढणार होते, पण त्यांना एका गावात वाटणी मिटवायला लवकर निघायचं होतं. ते मीच काढलं. गादी चांगली आहे. मऊ आहे.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका दुपारी शिवप्पा नावाचे शेतकरी सोयाबीन घेऊन आले. मी शिंकलो. त्यांनी विचारलं, अप्पा कुठं हायेत.

“कोर्टात.”

“आरं देवा. कुणी केस केली त्येंच्यावर?”

“न्हाय. कामावर हायेत.”

शिवप्पांनी मान डोलावली. मग त्यांची नजर खुंटीवरच्या माझ्या काळ्या कोटाकडं गेली. “त्येंचाच का?”

“व्हय,” मी म्हणालो.

“त्येंला जरा आखूड व्हईल,” शिवप्पा म्हणाले आणि पोतं खाली घेतलं.