बाकिसदाजींचं हंबरणं

नवऱ्याला संध्याकाळी घराबाहेर काढायला मी काय काय केलं नाही! पण प्रियामु चुलीजवळचं स्टूल सोडेल तर शपथ. दोन वर्षं झाली याला. वाल शिजायला टाकले की झाकण उघडून बघणार, "मीठ कमी आहे गं," म्हणणार, आणि मग एकटाच घशातून गुरगुरत बसणार.

टेनोरेत, म्हणजे आमच्याकडच्या चौघांच्या गाण्यात, तो मेंढीचा आवाज लावतो. समोरच्या बारमध्ये चौघं खांद्याला खांदा लावून गोल उभे राहिले की तोच आवाज गोड लागतो. एकट्याचा ऐकावा लागला की बाटलीत अडकलेली माशी आठवते.

पण चौथा आणायचा कुठून? बैलाचा खर्ज लावणारे बाकिसदाजी, माझ्या तातानाताईचे यजमान, ताई गेल्यापासून तोंड मिटून बसलेत. दुसरा कोणी घ्या म्हटलं तर प्रियामु अंगावर आला. "म्हणजे बाकिसला जिवंतपणीच पुरायचं का?" आमच्याकडे वर्षभर दुखवटा पाळतात, मग माणूस दाढी करतो आणि बारमध्ये येतो. यांचा दुखवटा संपेचना.

शेवटी काल चीज घेऊन मीच त्यांच्याकडे गेले. दाढी छातीपर्यंत आलेली.

"दाजी, पार बोकड झालात की हो! पुरे आता. उद्या बारमध्ये जा, गा, आणि माझं स्वयंपाकघर मोकळं करा."

"नाही गं अन्निका. तातानाने शेवटच्या आठवड्यात सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"म्हणाली, बाकिस, आता तरी ते हंबरणं बंद कर, कान किटले माझे." त्यांनी चीज बाजूला सरकवलं. "जन्मात तिने दुसरं काही मागितलं नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढ्यासाठी दोन वर्षं!

"अहो, ताई हे रोजच म्हणायची! तुम्ही बारमध्ये सूर लावला की खिडकीतून ओरडायची, 'बंद करा ते हंबरणं!' मग तुम्ही मुद्दाम आणखी जोर लावायचात."

"ती थट्टा होती. मरताना कोण थट्टा करतं?"

"ताई करते! तुमचा घसा बसला होता, तेव्हा शेजारच्या गावचा गडी खर्जाला उभा राहिला, आठवतं? पहिल्याच कडव्याला तिने धाडकन खिडकी लावली. मला म्हणाली, 'हा कसला बैल, ही तर शेळी.' तुमच्या गाण्याला कधी लावली खिडकी?"

दाजी चीजकडे बघत राहिले.

"शेवटच्या आठवड्यात ती मला ओळखतसुद्धा नव्हती," म्हणता म्हणता मलाच रडू फुटलं. "तुम्हाला मात्र तेच म्हणाली. म्हणजे तुम्हाला ओळखलं तिने."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"शेळी म्हणाली?"

"शेळी."

ते उठले आणि वस्तरा शोधायला लागले.

आज संध्याकाळी माझं स्टूल रिकामं. बारमधून मुख्य गाणाऱ्याने शब्द उचलले, मागून प्रियामुची मेंढी आली, आणि सगळ्यांच्या खाली बैल. पण कसला बैल! दबकत, चाचरत. दुसरं कडवं झालं तरी तसाच. माझा जीव नुसता वैतागला. आता आणखी कशाची वाट बघताहेत हे?

मग लक्षात आलं. हातातला डाव टाकून मी खिडकी उघडली आणि ताईच्याच सुरात ओरडले, "बंद करा ते हंबरणं!"

मग त्या खर्जाने असा जोर धरला की माझ्या फळीवरच्या बशा वाजायला लागल्या.