रूपलीबाईची मडकी

गंगेत स्नान, नर्मदेचं दर्शन आणि तापीचं नुसतं स्मरण, एवढ्यानं पाप धुतलं जातं असं आमच्या तापीकाठी सगळे सांगतात. पाप धुणाऱ्या नदीला एक फवारणीचा पंप काय जड, असा विचार करणारा गावातला पहिला गाढव मी, पितांबर.

ते १९६४ साल. कपाशीवर बोंडअळी पडली आणि म्हसावदच्या सोयऱ्यानं सांगितलं म्हणून मी एन्ड्रिन नावाचं औषध आणलं. फवारणी झाली की पंप गावाखालच्या डोहावर नेऊन खळखळून धुवायचा. वाहतं पाणी बाटत नाही, ही आम्हा गुजरांची पक्की समजूत. मी धुतला, म्हणून मग साऱ्यांनीच धुतला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी डोहात मासे उलटे तरंगले. त्या डोहावर पोट होतं होळ्याचं, आमच्या भिलाटीतल्या, म्हणजे भिल्लवस्तीतल्या मासेमाराचं. गावानं दोष त्याच्याच गळ्यात घातला. कारण तयारच होतं. पाऊस सरला की भिल्ल लोक डबक्यात हिंगणबेटाची फळं कुटून टाकतात, मासे गुंगतात आणि हातानं धरता येतात. "त्यानंच डोहमा हिंगणबेट टाकं," सरपंच चुनीलाल पाटील म्हणाले, आणि पंचांनी माना डोलावल्या. त्या पंचांत मीही होतो, आणि माझीही मान डोलली. होळ्याचं जाळं चावडीत जप्त झालं आणि नदी त्याला बंद झाली.

होळ्या खाली मान घालून निघाला. त्याची बायको रूपलीबाई मात्र पायरीवरून हलेना.

"हिंगणबेट दोन दिनमा उतरी जास, पाटील," ती म्हणाली. "तुमनं औषध उतरत नही. मी दखाडी देसू."

तिनं चावडीतच तीन मडकी मांडली. तिन्हींत डोहाच्या वरच्या धारेचं स्वच्छ पाणी. पहिल्यात त्याच धारेचा गाळ, दुसऱ्यात तोच गाळ आणि कुटलेलं हिंगणबेट, तिसऱ्यात आम्ही पंप धुवायचो तिथला गाळ. मग पदरानं धरून आणलेले बोटाएवढे मासे तिनं प्रत्येकात तीन-तीन सोडले.

"कुलूप तुमनं, किल्ली तुमनी," ती मला म्हणाली. "उद्या कोनी म्हनाले नको, रूपलीनं काही टाकं."

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या आणि तिसऱ्या मडक्यातले मासे उलटे झाले. "दोन्ही सारखंच शे!" चुनीलाल खूश झाले. तिसऱ्या दिवशी तिनं नवे मासे सोडले. हिंगणबेटाच्या मडक्यात ते मजेत फिरले, आमच्या गाळात मात्र मेले. आठ दिवसांनी पुन्हा नवे सोडले, तेही मेले. मग ती दर आठवड्याला येऊ लागली. मी कुलूप काढी, ती तिसऱ्या मडक्यातलं जुनं पाणी दूर उकिरड्यावर ओती, नवं भरी, मासे सोडी, आणि मेले की भिंतीवर कोळशाची रेघ ओढी. नवरा मजुरीवर उसाच्या तोडीला गेलेला, घरात चूल जेमतेम पेटते आहे, आणि ही बाई मडक्यावर वाकून मासे बघते आहे! आधी मला ती हट्टी वाटली. पौषापर्यंत रेघांनी भिंत भरली तेव्हा मला माझी लाज वाटायला लागली. पण लाज वाटणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

माघात चुनीलालनी नवीन फाटा फोडला. "गाळ ओला शे म्हनीसन मासा मरस. उनमा वाळाडा, मंग दखू."

"वाळाडा," रूपलीबाई म्हणाली.

महिनाभर तो गाळ चावडीच्या छपरावर वाळला, त्याला भेगा पडल्या. होळीच्या आदल्या सकाळी सारं गाव जमलं. तिनं ढेकळं मडक्यात टाकली, पाणी ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज मासा जगना, तं आमी नदी सोडीसन चालना जासूत. मरना, तं जाळं परत."

तीन मासे पाण्यात गेले आणि झकास पोहायला लागले. घटका गेली, तरी पोहतच होते. चुनीलाल मिशीवरून हात फिरवू लागले. सणासाठी तोडीवरून परतलेल्या होळ्यानं डोळे मिटून घेतले. मी, ज्याच्या पंपानं हे सगळं घडवलं, मनात म्हणत होतो, मर रे बाबा, मर एकदाचा!

एक मासा कलला. स्वतःभोवती गरगर फिरला आणि पोट वर करून थांबला. मग दुसरा, मग तिसरा.

मी उठून पुढं गेलो. "पंप मी धोया," मी म्हणालो. "पहिले मीच."

चुनीलालनी मिशीवरचा हात खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "मी बी धोया, भाऊ."

तिथंच ठरलं. यापुढं पंप नदीवर न्यायचा नाही, आपापल्या शेतात, विहिरीपासून लांब खड्डा करून धुवायचा. आणि दर महिन्याला डोहाचा गाळ रूपलीबाईनं तपासायचा, तिचा शब्द शेवटचा. तिनं पहिला शब्द लगेच दिला. "डोह यंदा ऱ्हावू द्या, तठे जाळं नको. वरली धार मोकळी." मग विचारलं, "पन जो गाळ पानीसंगे व्हाई गया, तो कोठे गया?"

"सुरतले. समुद्रमा," चुनीलाल म्हणाले.

"मंग तठे बी कोनी मडकं मांडाले जोयजे."

समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. आम्हीही नव्हता पाहिला. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

जाळं परत द्यायचं होतं. सात पिढ्यांत आमच्या घरी मासळी शिजलेली नाही. तरी मी आत गेलो, ते जाळं उचललं आणि डोक्यावर घेतलं. पाच महिन्यांनीही त्याला वास होता. भिलाटीतला ढोल वाजायला लागला आणि भर गुजरवाड्यातून आमची मिरवणूक निघाली. माझी बायको अनुसयाबाई दारात उभी होती. आता ही काय बोलते म्हणून मी मान खाली घातली.

"नीट धरा," ती ओरडली, "गुंती जाई!"

वरच्या धारेवर मी ते जाळं होळ्याच्या हातात दिलं आणि सगळ्यांसमोर हात जोडले. त्यानं जाळं खांद्यावर टाकलं. कमरेएवढ्या पाण्यात उतरला, अंग वळवलं आणि जाळं फेकलं. ते पाण्यावर गोल उघडलं. ओढलं तेव्हा उन्हात मासे उड्या मारत होते, चांगले हातभर, जिवंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. रूपलीबाई काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती, आणि चुनीलाल पाटील आपलं धोतर सावरत तिच्यासाठी वाट करून देत होते.