शुक्र उगवला म्हणतात

मी मुखवटा बोलतोय. घुबडाचा. तोंड वाकडं करायचं असेल तर आत्ताच करून घ्या, मला सवय आहे. प्वेब्ला शहरातल्या आखाड्यात दर रविवारी लोक मला बघून थुंकायचे, तुम्ही काय वेगळं करणार?

मला शिवलं कास्तुलाने. तपकिरी रेक्झिन, डोळ्यांना पिवळी कड, वर दोन टोकदार कान आणि मागे बुटासारखी नाडी. सुई मोडली की ती नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. "लोकांचे नवरे वाघ होतात, सिंह होतात. माझ्या नशिबी घुबड!"

नवरा म्हणजे एलेउतेरियो कुआमात्सी. बाजारात कांद्याची पोती वाहायचा. आठवडाभर पाठीवर पोतं, रविवारी तोंडावर मी. माझ्या अस्तराला अजून कांद्याचा वास येतो. रक्ताचाही येतो.

आमच्या कुस्तीत दोनच जाती. एक भला, तो नियमाने लढतो. दुसरा रुडो. तो केस उपटतो, डोळ्यांत बोटं घालतो, पंचाची पाठ फिरली की जांघेत लाथ हाणतो. आम्ही रुडो. आता एक अक्कल सांगतो, फुकट. नुसत्या भलेपणावर कुणी नायक होत नाही. त्याला आधी कुणीतरी अर्धमेला करावा लागतो. ते काम आमचं. कितीकांचे दात पाडून आम्ही त्यांना मोठं केलं. एक जण आभार मानायला आला नाही.

पहिल्या रांगेत एउफ्रासियामावशी बसायची. पानात उकडलेले मक्याचे तमाल विकणारी, कांद्याच्या गाळ्यासमोरच तिची टोपली. आम्ही आखाड्याभोवतीच्या दोराशी गेलो की ती केसांतली लांब सुई काढून एलेउतेरियोच्या मांडीत खुपसायची. "मर मेल्या! तुझ्या आईने तुला अंड्यातच का नाही फोडलं?" आणि सोमवारी सकाळी त्याच एलेउतेरियोला म्हणायची, "का रे लंगडतोस, बाळा? पोती जड झाली का? घे, एक तमाल जास्तीचा खा." तो मुकाट खायचा. मुखवट्यामागचा माणूस कोण, ते आखाड्याबाहेर बायकोशिवाय कुणाला कळता कामा नये. तो आमचा धर्म.

कुस्तीच्या जोड्या लावायचा डॉन अबुंदिओ, म्हणजे आमचा शेठ. कोण जिंकणार हे तोच ठरवायचा. मार मात्र खरा असायचा, हाडांना ठरवाठरवी कळत नाही. एका दुपारी त्याने एलेउतेरियोला जेवायला बसवलं आणि ताटात मक्याची गोल पोळी ठेवली.

"हे बघ. इथं वर घर. पोरगं घर सोडतं, खाली उतरतं, वाटेत मार खातं. हे तळाला पाताळ. तिथं घुबड बसलंय. तिथं पोरगं मरतं, म्हणजे मेल्यागत होतं. मग उठतं आणि या बाजूने वर चढून घरी येतं. झाली गोष्ट."

"दर वेळी हीच. एकदा घुबडाला घरी जाऊ द्या की."

"लोक खुर्च्या मोडतील. पणज्यापासून हेच चालू आहे. जुन्या लोकांचा देवसुद्धा पाताळात उतरला, मेलेल्यांची हाडं घेऊन आला आणि शुक्र होऊन उगवला. तू त्याच्यापेक्षा शहाणा?" एवढं बोलून त्याने पोळीची गुंडाळी केली, मिरचीच्या रश्शात बुडवली आणि गिळली.

ठरलं ते असं. 'शुक्र' नावाच्या पोराशी मुखवट्याला मुखवटा लावायचा. हरेल त्याने सगळ्यांसमोर मुखवटा काढायचा, खरं नाव नि गाव सांगायचं. तो मुखवटा जिंकणाऱ्याचा, आणि हरलेल्याने तो पुन्हा चढवायचा नाही. हरायचं आम्ही. शुक्र म्हणजे नासारियो. चंदेरी मुखवटा, कपाळावर तारा, अंगात पाखरासारखी उडी. डाव त्याला एलेउतेरियोनेच शिकवले होते. तो त्याला वस्ताद म्हणायचा.

घरी आल्यावर एलेउतेरियोने कास्तुलाला सांगितलं, "नाही हरणार. हा मुखवटा गेला तर मी नुसता पोती वाहणारा उरतो. तिसऱ्या डावात पोराचे खांदे दाबून धरतो. पंचाला तीन मोजावेच लागतील, आणि तीनला कुस्ती संपते."

"आणि अबुंदिओ?"

"त्याने पोळी खावी."

मी खुंटीवर होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या रविवारी उभं राहायला जागा नव्हती. पहिला डाव आमचा. एलेउतेरियोने पोराचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं, आणि चंदेरी मुखवटा कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल झाला. दुसरा डाव पोराचा. त्याने दातांनी मला डोळ्यापाशी फाडलं आणि आत हात घालून एलेउतेरियोची भुवई फोडली. रक्त माझ्या आत साठलं. लोक ओरडत होते, "पिसं उपट त्याची! जिवंत सोल!" बायका, म्हातारे, गळ्यात क्रूस घातलेले सगळे. मी माणसांना खूप जवळून पाहिलंय. भल्याच्या बाजूने बसले की त्यांना रक्त गोड लागतं.

तिसऱ्या डावात पोरगं दोरावर चढलं. तिथून उडी घ्यायची आणि खाली घुबडाने झेलायचं, हा रोजचा डाव. झेलणारा नसेल तर ती उडी म्हणजे विहिरीत जीव देणं. पण माझी फाटलेली कड डोळ्यावर आली होती आणि दुसऱ्या डोळ्यात रक्त होतं. एलेउतेरियोने हात पसरले ते भलतीकडे. पोरगं डोक्यावर पडलं. ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा आवाज आला.

सवयीने एलेउतेरियो त्याच्यावर पडला. पंचाने चटईवर थाप मारली. एक. पुन्हा मारली. दोन.

"वस्ताद," पोरगं कुजबुजलं, "पाय कळत नाहीत."

एक थाप राहिली होती. ती पडली असती तर मी आज कास्तुलाच्या खुंटीवर असतो. एलेउतेरियोने अंग उचललं. पंचाचा हात हवेतच राहिला.

लोकांना वाटलं, शुक्र सुटला! "ऊठ! ऊठ! ऊठ!" बाकं थरथरू लागली. डॉन अबुंदिओ खालून बोंबलत होता, "उठवा रे त्याला! काखेत हात घाला! तो वर आलाच पाहिजे!"

दोन गडी दोरातून आत आले. एकाने पोराचा दंड धरला. एलेउतेरियोने त्या गड्याच्या तोंडावर असा गुद्दा मारला की दात माझ्या कानावर उडाला. दुसऱ्याला कमरेत धरून दोराबाहेर फेकला. पंच वाकला, त्यालाही लाथ. "हात लावाल तर मारीन! मान मोडलीय त्याची!" तो ओरडत होता, पण त्या गदारोळात कोण ऐकतो? दिसत होतं ते एवढंच, की हरामखोर घुबड नायकाला उठू देत नाही.

मग बाटल्या आल्या. पायलीने आल्या. एक माझ्यावर फुटली, काच आत शिरली. एउफ्रासियामावशी दोरापाशी चढून आली आणि सुई मुठीपर्यंत त्याच्या पोटरीत घातली. "त्याला उठू दे, राक्षसा! कुणाच्या तरी आईचं लेकरू आहे ते!"

तो हलला नाही. पोराच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, पाठीवर बाटल्या झेलत उभा राहिला. तो उभा होता तोवर आरोळी थांबणार नव्हती, आणि वैद्याला फळी घेऊन आत येता येणार नव्हतं. ते त्याला कळलं असावं. त्याने मान वाकवली, हात मागे नेले आणि माझी नाडी सोडायला लागला.

रक्ताने गाठ फुगली होती. त्याने ती दोन्ही हातांनी तोडली. मी त्याच्या तोंडावरून सोलला गेलो, आणि त्याने मला हळूच पोराच्या छातीवर ठेवलं. आरोळी मध्येच तुटली.

"एलेउतेरियो कुआमात्सी," तो म्हणाला. "गाव कोंत्ला. बाजारात पोती वाहतो. हरलो. आता याला कुणी हलवू नका."

मावशीची सुई त्याच्या पोटरीतच होती. तिने वर पाहिलं. "अगं बाई... अरे, हा तर आपला एलेउतेरियो." तिने सुई काढायला हात पुढे केला, पण सुईला शिवायच्या आत मागे घेतला. शेवटी त्यानेच ती काढली, पुसली आणि तिच्या हातात दिली. "असू दे, मावशी. उद्या एक तमाल जास्तीचा द्या."

पोराला फळीवर घालून नेलं. तो जगला. आता काठी घेऊन चालतो, फळांच्या रसाचं दुकान चालवतो. मी त्याच्या भिंतीवर, काचेत. जिंकलेला माल! डाव्या डोळ्याला अजून टाका नाही.

गिऱ्हाईक विचारतं, "मग काय झालं?" पोरगं सुरुवातीला खरं सांगायचं. लोकांचे चेहरे पडायचे. कुणी म्हणायचं, "नाही हो, माझा मामा होता तिथं. शुक्र उठला आणि घुबडाला लोळवलं." मावशीसुद्धा आता तेच सांगते, हातवारे करून. सुईचं नाव काढत नाही. पोरगंही दमलं. परवा तेही म्हणालं, "हो. मग मी उठलो."

तेव्हा एलेउतेरियो खालच्या बाकावर कलिंगडाचा रस पीत बसला होता. गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलं. "काय काका, तुम्ही पाहिलं का?"

तो मान वर करून माझ्याकडे बघत राहिला.

"पाहिलं तर," तो म्हणाला. "असा उठला, की घुबडाला मुखवटा सोडून पळावं लागलं."

म्हातारा खोटारडा! मला तोंड आहे, पण बोलू कुणाशी? म्हणून तुम्हाला सांगितलं. तुम्ही घरी जाऊन पोराबाळांना शुक्र उगवल्याचं सांगणारच. सांगा. फक्त तळाशी पोचलात की जरा थांबा. तिथं एक घुबड उभं होतं, एवढं सांगा, आणि मग पुढे चला.