एकशे बारा उत्तरपत्रिका

चंद्रपूरच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवणाऱ्या सत्यशीला रामटेके मॅडमचा एक लौकिक होता. कुणाचा शोधनिबंध जर्नलकडून परत आला की लोक म्हणायचे, "रामटेके मॅडमकडे घेऊन जा, त्या मार्गी लावतील." चंद्रपूर आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या प्राध्यापकांसाठी त्या दरवर्षी कार्यशाळा घ्यायच्या. निबंधाची मांडणी कशी करावी, तक्ते कुठे टाकावेत, परीक्षकाला उत्तर कसं द्यावं, हे सगळं त्या हाताला धरून शिकवायच्या.

गेल्या वर्षीच्या कार्यशाळेत आरमोरीहून करिश्मा मडावी आली होती. नोकरी तासिका तत्त्वावरची, पण निबंधाचा विषय अस्सल होता. पुस्तकातल्या कारखान्याऐवजी आठवडी बाजारातल्या मोहफुलांवरून किंमत कशी ठरवायची हे शिकवलं, तर बी.कॉम.च्या मुलांना ते लवकर उमजतं का, हे तिने पाहिलं होतं. मुलं मात्र अडतीसच. परीक्षकाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

मॅडमनी पान उलटता उलटता म्हटलं, "सॅम्पल वाढव. शंभराच्या वर ने, म्हणजे कुणी विचारणार नाही."

कसं वाढवायचं ते त्या बोलल्या नाहीत. करिश्मानेही विचारलं नाही. दोन महिन्यांनी तिचा सुधारलेला निबंध आला, त्यात विद्यार्थी एकशे बारा. मॅडम तो आकडा पाहून गालात हसल्या. पोरगी शिकली, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी भाषा तपासून निबंध जर्नलकडे पाठवून दिला.

मग एके दुपारी नागपूरहून जर्नलच्या संपादकांचा फोन आला. आकडे एकदम तिपटीने वाढलेत, तुम्ही खात्री देता का, असं त्यांनी सरळ विचारलं. आपलं नाव यात ओढलं जाऊ नये, एवढंच मॅडमना त्या घडीला सुचलं. मी फक्त भाषा आणि मांडणी पाहिली, आकड्यांचं मला काही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणजे तुम्ही खात्री देत नाही, असं संपादक म्हणाले. करिश्मासाठी याचा अर्थ काय, हे मॅडमना कळत होतं, तरी त्यांनी फोन ठेवून दिला.

आठवडाभराने करिश्मा सकाळच्या एसटीने चंद्रपूरला आली. खांद्यावर कापडी पिशवी, तिचा एक बंद तुटायला आलेला. संपादकांनी मूळ उत्तरपत्रिका मागवल्या होत्या आणि तिच्या कॉलेजातला स्कॅनर बंद होता. तिने पिशवी टेबलावर रिकामी केली. जुन्या अडतीस उत्तरपत्रिकांसोबत नवे गठ्ठे होते, प्रत्येकावर त्या त्या कॉलेजचा शिक्का : कुरखेडा, धानोरा, वडसा. स्वतःचे तास नसतील त्या दिवशी एसटीने जाऊन, तिथल्या सरांकडून तास मागून घेऊन तिने प्रत्येक ठिकाणी तोच धडा शिकवला होता. एकदा धानोऱ्याहून परतीची गाडी चुकली, तर एका मुलीच्या घरी मुक्काम करावा लागला, हेही ती सहज सांगून गेली.

मॅडम एकेक कागद मशीनवर ठेवू लागल्या. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया, खाडाखोड. धानोऱ्याच्या एका मुलीने मोहफुलांच्या किमतीत आईची पहाटेपासूनची मजुरी धरली होती. आई तर रोज फुकटच वेचते, मग ती का धरली, हेही तिने समासात लिहिलं होतं. मॅडमचा हात थांबला. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या निबंधात साठाचे दोनशे झाले होते, तेही घरच्या टेबलाशी बसून. त्याच निबंधावर त्यांना बढती मिळाली होती.

करिश्मा म्हणाली, "कोणीतरी शंका घेतली असंल, मॅडम. तुमी पाठीशी होत्या म्हणून मले भेव नाई वाटलं."

मॅडमनी पुढचा कागद मशीनवर ठेवला. सगळे कागद स्कॅन होऊन गेले, चहा आला, तो गार झाला. शेवटी त्या म्हणाल्या, "संपादकांनी मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही."

"काऊन? तुमीच त म्हणलं होतं, वाढव म्हणून."

"मला वाटलं, तू घरी बसून आकडे भरलेस."

करिश्माने त्यांच्याकडे पाहिलं. मॅडमनी मग स्वतःच्या निबंधाचंही सांगून टाकलं, अडखळत, खाली बघत. करिश्माने सगळं ऐकून घेतलं. उत्तरपत्रिका पिशवीत भरल्या, बंदाला गाठ मारली आणि एवढंच म्हणाली, "येतो मॅडम, गाडी आहे तीनची."

ती गेल्यावर मॅडमनी संपादकांना पत्र लिहिलं. आकडे खरे आहेत, उत्तरपत्रिका मी डोळ्यांनी पाहिल्या, आणि त्या दिवशी मी भित्रेपणाने बोलले, असं त्यात स्पष्ट लिहिलं.

चार महिन्यांनी निबंध छापून आला. करिश्माने अंक टपालाने पाठवला, सोबत चिठ्ठी नव्हती. आभारात तिन्ही कॉलेजांची नावं होती, धानोऱ्याच्या त्या मुलीच्या आईचंही होतं. मॅडमनी ती ओळ तीनदा वाचली. आपलं नाव नाही हे रास्तच आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं. तरी ते त्यांना लागलं, आणि लागलं याचीच जास्त लाज वाटली.

स्वतःच्या जुन्या निबंधातल्या खोट्या आकड्यांबद्दल, तो छापणाऱ्या जर्नलला लिहिलेलं पत्र मात्र त्यांच्या कॉम्प्युटरवर तसंच पडून आहे. त्यात दर आठवड्याला त्या एखादा शब्द बदलतात. पाठवायचं तेवढं अजून झालेलं नाही.