साहेबांचे डोळे

साहेब गेले आणि डॉक्टर खोलीबाहेर पडायच्या आत मेकअपवाला आत शिरला. ज्या माणसाबरोबर मी अख्खा संसार केला, त्याच्या गालांना लाली फासायला! दिवाणखान्यात तर पुढाऱ्यांची नुसती रेटारेटी. कॅमेरा कुठे आहे ते बघून रडत होते मेले.

मी नेत्रपेढी चालवते. परक्यांच्या घरी, समोर प्रेत असताना, मी डोळे मागितलेत. शिव्या खाल्ल्यात. एका बाईने तर चप्पल भिरकावली होती. हे मात्र दर सभेत छाती ठोकून सांगायचे, "माझे डोळे बायकोने आधीच मागून ठेवलेत!" लोक हसायचे, टाळ्या पिटायचे.

आज आमच्या पेढीच्या दवाखान्यात दोन्ही बुबुळं पांढरी पडलेली एक शिलाईकाम करणारी पोर वाट बघत होती. माणूस गेल्यावर काही तासांतच डोळे काढावे लागतात, नाहीतर वाया जातात. मी नेत्रपेढीच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं.

थोरल्याने त्यांना दारातच अडवलं. "आई, आज नको गं. लाखो लोक चेहरा बघायला येणारेत."

"अरे, पापण्या मिटलेल्याच असतात. काही कळत नाही." हे वाक्य मी इतक्या घरांत बोललेय, की झोपेतही म्हणेन. पोटच्या पोराला सांगताना मात्र जीभ जड झाली.

तेवढ्यात साहेबांचा पी.ए. पुढे आला. "वहिनी, रागावू नका. साहेबांनीच मला बजावलं होतं. म्हणाले, सभेतलं सभेत. माझ्या डोळ्यांना तिला हात लावू द्यायचा नाही."

थोरल्याने मान खाली घातली. म्हणजे यालाही माहीत होतं! आणि मी वेडी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. शी! त्यांची किळस आली, आणि खरं सांगू, माझीही.

डॉक्टर चुळबुळले. "बाई, त्यांची इच्छा नसेल तर..."

"पी.ए.च्या कानात काय सांगितलं ते मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "भर सभेत शब्द दिलाय त्यांनी. जन्मात एक तरी पाळला जाऊ दे. संमतीची सही मी करते."

थोरल्याला बाजूला सारलं आणि डॉक्टरांना आत घेऊन दार लावलं.